शकुताईंचा सोमवारचा पडदा

मुरुडमध्ये सोमवारी कोणी बिअर पीत नाही असं नाही. पितो असं सांगत नाही, एवढंच. शकुताई सांगायच्या. किराणा दुकानात चार गिऱ्हाइकांच्या मध्ये उभ्या राहून म्हणायच्या, "शेंगा अर्धा किलो जास्त घाल रे, आज सोमवार, आमच्याकडे सिनेमा आणि बिअर आहे." दुकानदार बिचारा खाली मान घालून शेंगा मोजायचा. पांढरे केस, सुती पाचवारी, कपाळावर टिकली, हातात कापडी पिशवी. अशा बाईला तो तरी काय बोलणार?

"ताई, निदान सोमवार तरी सोडा," असं मी एकदा म्हणून पाहिलं.

"मग काय शनिवारी करू? शनिवारी खोल्या झाडायला तू येणार आहेस का?"

मुद्दा बिनतोड होता. शकुताईंचं सहा खोल्यांचं लॉज होतं, समुद्रापासून दोन वाड्या आत. यजमान गेल्यापासून एकट्याच चालवायच्या. शुक्रवार संध्याकाळपासून मुंबई-पुण्याचे पाहुणे, रविवारी दुपारी जेवून सगळे परत. सोमवारी दुपारपर्यंत चादरी धुवून दोरीवर पडायच्या आणि मग संध्याकाळी ताई मोकळ्या. मासळीला मात्र त्या सोमवारी हात लावत नसत. "बिअर गव्हाची, जवाची. तिच्यात मासा कुठे आहे?" हे त्यांचं शास्त्र. त्यामुळे आमच्या बाळा कोळ्यालासुद्धा त्यांच्या अंगणात शेंगा आणि बटाट्याची भजी खाऊन बसावं लागायचं.

मागच्या पावसाळ्यात त्या लेकीकडे पुण्याला गेल्या आणि तिकडेच वारल्या. लॉज आता कोणीतरी भाडेपट्ट्यावर घेतलंय, नवा रंग दिलाय. मी त्या बाजूला फारसा बघत नाही. पण सोमवार आला की अजून माझा हात प्रोजेक्टरच्या पेटीकडे जातो, त्याला काय करू?

मी मंडपवाला. लग्न, बारसं, शाळेचं गॅदरिंग, सगळ्यांना खुर्च्या, कनाती, स्पीकर आणि हल्ली प्रोजेक्टरसुद्धा भाड्यानं देतो. माझं घर त्यांच्या वाडीला लागून. त्यामुळे त्यांच्या सोमवारांत मी न विचारता ओढला गेलो आणि माझी जागाही ठरून गेली: सगळ्यांच्या मागे, फणसाखाली, प्रोजेक्टरच्या स्टुलाजवळ.

बिअर त्या घरात आली ती पाहुण्यांच्या विसरभोळेपणामुळे. पुण्याचं एक जोडपं फ्रिजमध्ये खोकं विसरून गेलं. आत रंगीबेरंगी लेबलांच्या बाटल्या, एकीवर चष्मा लावलेलं मांजर, एकीवर सायकलवरचा हत्ती. ताईंनी फोन केला तर ती मुलगी हसून म्हणाली, "काकू, तुम्हीच पिऊन टाका." थट्टा होती ती. पण चांगली वस्तू टाकून देणं शकुताईंच्या स्वभावातच नव्हतं. त्यांनी मांजराची बाटली उघडली, वास घेतला आणि कुंपणापाशी येऊन मला हाक मारली.

"सुरेश, अरे, हिला पिकल्या केळ्याचा वास येतो!"

टीव्हीवर तेव्हा कुठलासा जुना काळा-पांढरा सिनेमा चालू होता. एक बाई नदीकाठी होडीची वाट बघत बसलेली. ताईंनी अर्धा ग्लास हळूहळू संपवला आणि मला म्हणाल्या, "ही बिअर आणि हा सिनेमा एकाच घरातले आहेत बघ." मला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी हत्तीवाली उघडली, तीच बाई मोबाईलवर पुन्हा बघितली आणि तोंड वाकडं केलं. "नाही जमत. भांडतायत दोघं."

तिथून हे वेड लागलं. त्या माणगावच्या. लहानपणी तंबूतले सिनेमे बघून डोकं भरलेलं. पुढे लग्न, लॉज, मुलगी, चादरी. सिनेमा राहूनच गेला होता. आता साठी उलटल्यावर तो परत आला, तो असा बाटलीतून.

आम्ही चारच माणसं. मी, बाळा कोळी, हमीदभाई आणि जयू. बाळाची स्वतःची होडी. हमीदभाई जन्मभर जहाजावर भटारखान्यात राबून परत आलेले. जयू सरकारी दवाखान्यात नर्स, ताईंच्याच मागच्या खोलीत भाड्यानं राहायची. हमीदभाई दारूला शिवत नसत. पण त्यांच्यासाठी ताई जेवढा विचार करायच्या तेवढा आमच्यासाठीही नाही. कधी आल्याचा सोडा, कधी कोकमाचं सरबत, कधी दालचिनी घालून काळा चहा. सिनेमा बघून तेही ठरायचं. "हमीदभाईंचा ग्लास चुकला तर माझा सोमवार फुकट," म्हणायच्या. हमीदभाई दाढीवरून हात फिरवत म्हणायचे, "शकुताई, अल्लाची कसम, तुमचा सरबत पिऊन मलाच चढते."

पडदा म्हणजे लॉजच्याच दोन मोठ्या चादरी, मधोमध शिवलेल्या. माझ्याकडे चांगला स्टँडवाला पडदा होता, पण तो त्यांना नको. "तो हलत नाही," म्हणायच्या. चादर सुपारीच्या दोन झाडांना बांधली की समुद्रावरचा वारा तिच्यात भरायचा आणि सिनेमातली माणसं झोपेत श्वास घेतल्यासारखी पुढे यायची, मागे जायची. एका चादरीवर कुठल्याशा नव्या नवरीच्या मेंदीचा डाग होता, कितीही घासला तरी न गेलेला. त्यामुळे आमच्या प्रत्येक नायिकेच्या गालावर केव्हा ना केव्हा तो तपकिरी तीळ येऊन बसायचा. बाळा त्याची वाटच बघायचा. "आला बघा तीळ, आता हिचं लगीन व्हतंय," म्हणायचा आणि पुष्कळदा व्हायचंसुद्धा.

बाटल्या विहिरीत. बाळानं जुन्या जाळ्याच्या तुकड्याची पिशवी शिवून दिली होती, ती दोरीनं पाण्यात सोडलेली असायची. फ्रिजमधली बिअर जीभ बधिर करते, विहिरीतली जागी ठेवते, असं ताईंचं मत. दिवेलागण झाली की बाळा पिशवी ओढायचा आणि ओल्या बाटल्या प्रत्येकाच्या खुर्चीखाली एकेक ठेवायचा. उघडायची मात्र नाही! हा मोठा नियम. सिनेमा सुरू झाला, अर्धा झाला, घसा कोरडा पडला तरी नाही.

"ताई, उघडू?"

"घाई नको. सिनेमाला तहान लागू दे."

आणि मग कुठल्यातरी क्षणी, आम्हाला अजिबात कल्पना नसताना, त्या हात वर करायच्या. "लागली तहान!" सगळ्या बाटल्या एकदम फसफसायच्या.

एकदा मे महिन्यात त्यांनी बर्फाचा सिनेमा लावला. कुठल्या देशातला कोण जाणे. दोन भाऊ एका लाकडी घरात राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत, एवढीच गोष्ट. खुर्चीखाली काळी बिअर, कॉफी करपल्यासारख्या वासाची. बाळा चुळबुळ करायला लागला. "ताय, कवाधरनं बघतोय. ह्ये दोघं बोलंनात आन तुमी पिऊ देईनात."

"गप."

पडद्यावर थोरला भाऊ उठला. धाकट्याचे भिजलेले बूट त्यानं चुलीजवळ सरकवले आणि पुन्हा जागेवर जाऊन बसला. बोलला नाहीच. ताईंचा हात वर गेला. आम्ही बाटल्या उघडल्या. तो करपट, कडू, आतून जरा गोड असा पहिला घोट घेतला आणि काय सांगू, माझ्या अंगावर काटा आला. मे महिन्यात, मुरुडला! मला सख्खा भाऊ आहे, पेणला असतो. त्याची आठवण आली म्हणून असेल. बाळा काहीच बोलला नाही, आणि बाळा काही बोलत नाही म्हणजे किती झालं ते ओळखावं.

असे सोमवार चालले होते. मग ताई खुर्ची मागे सरकवायला लागल्या.

आधी पहिल्या रांगेत असायच्या. मग दुसऱ्या. दर थोड्या दिवसांनी खुर्ची आणखी मागे. मला वाटलं, डास चावत असतील पुढे. होता होता त्या अगदी माझ्या स्टुलाशेजारी येऊन बसल्या. मी आपला खूष, सोबत मिळाली म्हणून. पण जयूचं लक्ष होतं. ग्लासात ओतताना बिअर बाहेर सांडते, चहा देताना बशी कडेवर ठेवली जाते, हे तिनं टिपलं होतं. तिनं ताईंना जवळजवळ धरून मुंबईला नेलं. मला बल्ब आणायचे होते म्हणून मीही बरोबर गेलो. म्हणजे, बल्ब नंतरही आणता आले असते.

काचबिंदू निघाला, पुष्कळ पुढे गेलेला. डॉक्टर म्हणाले, नजरेच्या कडा आधी जातात, मग हळूहळू मधलं. गेलेलं परत येत नाही. थेंबांनी वेग कमी होईल, थांबेल असं सांगता येणार नाही. मागे सरकल्यावर सगळा पडदा उरलेल्या नजरेत मावायचा, म्हणून ती खुर्ची!

परतीच्या बोटीत जयू आणि मी मागच्या बाकावर. ताई कठड्यापाशी बसून, लोक फेकत होते ते वेफर्स झेलणारे पक्षी बघत होत्या. बोट मांडव्याला लागायच्या आधी म्हणाल्या, "रडायचं असेल तर दोघं इथेच रडून घ्या. घरी गेल्यावर कामं आहेत."

जयू रडली. मीही रडलो, खोटं कशाला बोलू?

एसटीत त्यांनी आम्हाला काम समजावून सांगितलं. आदल्या आठवड्यात त्यांनी ती केळ्याच्या वासाची बिअर बऱ्याच दिवसांनी उघडली होती. नुसता वास नाकात गेला आणि ती नदीकाठची बाई जशीच्या तशी समोर आली. होडी, घाट, तिच्या पदराचा उसवलेला काठसुद्धा. टीव्ही बंद असताना. "बाटली उघडली की सिनेमा सुरू होतो," ताई म्हणाल्या, "मग डोळे असोत नसोत. आंबे संपायच्या आधी आपण लोणचं घालतो की नाही? मला डोळे आहेत तोवर सिनेमे घालून ठेवायचेत. अंधारात बसायची मला भीती वाटते, सुरेश. फार वाटते."

भीती वाटते असं त्यांनी म्हटलेलं मी तेवढंच ऐकलं.

त्यानंतरच्या सोमवारांची चेष्टामस्करी राहिली, पण आत काहीतरी कडक झालं. एका सिनेमाला एकच बिअर. ती बिअर पुन्हा दुसऱ्या सिनेमाला नाही, नाहीतर घोळ होईल. पाहुण्यांना खोली देताना ताई फोनवर सांगायच्या, "येताना वेगळ्या बाटल्या घेऊन या, नेहमीच्या नकोत. एसीचे वेगळे घेणार नाही." आणि पाहुणे आणायचे. आंब्याची, मधाची, संत्र्याच्या सालीची, धुरकट वासाची. दुपारभर ताई मोबाईल हातभर लांब धरून सिनेमे बघायच्या, एकेक घोट घ्यायच्या, मान हलवायच्या. जमलं की मला कुंपणावरून हाक. ती हाक ऐकून मला हायसं वाटायचं. आणखी एक आत गेला.

थंडीच्या दिवसांत एका पाहुण्यानं एक नवीनच बिअर आणली. पुण्यातल्या दोन पोरांनी घरच्यासारखी थोडीशी केलेली. गव्हाची, तिच्यात कोकम आणि चिमूटभर मीठ. दिसायला गुलाबी. ताईंनी चाखली आणि बाटल्या बाजूला ठेवून दिल्या. सोमवारामागून सोमवार गेले, हिला काही सिनेमा मिळेना. शेवटी म्हणाल्या, "मिळणारच नाही. ही तुमच्यासारखी आहे. आधी आंबट, मग खारट, गिळल्यावर बरी वाटते."

त्या सोमवारी सिनेमाच नव्हता. मला म्हणाल्या, "नुसता उजेड सोड पडद्यावर." मी सोडला. पांढरी चादर, तिच्यावर तो एक मेंदीचा डाग. ताई माझ्या शेजारी, हातात ग्लास.

"हमीदभाई, तुम्ही आधी. जा, पुढे उभे राहा."

सगळ्यांना समजलं. सिनेमाऐवजी आता आम्हालाच त्या बाटलीत घालून ठेवायचं होतं. हमीदभाईंनी टोपी नीट केली आणि पासपोर्टच्या फोटोला उभं राहावं तसे ताठ उभे राहिले. "अहो, हसा की!" म्हटल्यावर त्यांना काय करावं कळेना, म्हणून ते बोटीवर पाव कसे भाजायचो ते सांगायला लागले, हातांनी पीठ मळून दाखवायला लागले. मागे चादरीवर त्यांची मोठी सावली तेच करत होती. ताई बघत राहिल्या. मग हात वर केला. "लागली तहान." हमीदभाईंना बिअर वगळून तेच, कोकमाचं खारट सरबत. ते तिथेच उजेडात उभे राहून प्यायले आणि ताईंनी आपल्या ग्लासातला एक घोट घेतला.

मग बाळा. तो शर्टाची वरची बटणं उघडी टाकून आला आणि लाजला की काय, एकदम दोन पावलं नाचलाच. "बाळा, बटण लाव," ताई म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या वो ताय, असाच हाय मी." तहान लागली, बाटली उघडली. मग जयू. आकाशी पंजाबी ड्रेस, रडून नाक लाल. ती नुसती उभी राहिली आणि ताईंनी तिच्याकडे सगळ्यात जास्त वेळ बघितलं.

"आता तू, सुरेश."

"मी मशीनपाशी नको का?"

"मशीन काय पळून जातंय? जा."

मी केस सारखे केले, ह्याचं मला अजून हसू येतं. बाटली हातात घेऊन निघालो आणि अर्ध्या वाटेत असतानाच वीज गेली.

आमच्याकडे वीज जाते त्यात नवल नाही. आम्ही थांबलो. वाडीवरून वटवाघळं गेली. समुद्राचा आवाज जवळ आल्यासारखा वाटायला लागला. कोणी मेणबत्ती आणू म्हणालं, ताई नको म्हणाल्या. वीज आली तोवर त्यांचे डोळे दुखायला लागले होते. "पुढच्या सोमवारी तुझी पाळी," त्या म्हणाल्या. "बाटली उघडू नकोस. तशीच विहिरीत सोड." मी सोडली.

पुढचा सोमवार मुंबईत, हॉस्पिटलमध्ये गेला. डोळ्यांत कळा यायला लागल्या म्हणून घाईनं न्यावं लागलं. ऑपरेशन झालं, दुखणं थांबलं. नजर मात्र पुरती गेली. मी भेटायला गेलो तेव्हा माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाल्या, "दाढी कर रे." मला फार वाईट वाटलं. एका बाईचे डोळे गेले होते आणि मला मी त्यांत यायचा राहून गेलो ह्याचं वाटत होतं. पण वाटत होतं, त्याला इलाज नाही.

घरी आल्यावरचा पहिला सोमवार. मी आपला घरच्याच दुकानात बसून. कुंपणावरून हाक आली.

"सुरेश, चादर बांधलीस?"

"कशाला, ताई?"

"कशाला म्हणजे? सोमवार आहे."

चादर बांधली. प्रोजेक्टर लावला नाही. बाळानं बाटल्या काढल्या. जयूनं प्रत्येक जातीच्या बाटलीच्या गळ्यात खुणेला काहीतरी बांधून ठेवलं होतं, एकीला कवडी, एकीला दोऱ्याच्या दोन गाठी, एकीला बांगडीचा तुकडा. ताईंनी कवडी चाचपली, बाटली उघडली, केळ्याचा वास घेतला आणि कोऱ्या चादरीकडे तोंड करून बोलायला लागल्या. "नदी आहे. पाणी संथ. अजून उजाडलं नाहीये. ती घाटावर बसलीये, पाय पाण्यात..." वाऱ्यानं चादर फुगली. मी देवाशपथ सांगतो, पाणी दिसलं. आम्ही तो सिनेमा आधी पाहिला होता, पण इतका चांगला नव्हता तो. बाळा तर हळूच म्हणाला, "तीळ आला ताय." ताई म्हणाल्या, "माहीत आहे."

असे कितीतरी सिनेमे आम्ही काळोख्या वाडीत पाहिले. त्यांतला एक तर जगात कोणीच पाहिलेला नाही. नारळी पौर्णिमा झाली, कोळीवाड्यात जाळी धुवून-सांधून तयार झाली. बाळाच्या हाताला सवय. त्यानं त्या उत्साहात विहिरीतली पिशवीही बाहेर काढून स्वच्छ धुतली, आणि बाटल्यांच्या गळ्यातले दोरे-कवड्या म्हणजे अडकलेला कचरा समजून सगळं कापून टाकलं. पुढच्या सोमवारी त्यानं अंदाजानं बाटल्या वाटल्या. ताईंच्या ग्लासात आधी आंब्याची गेली आणि मग, ती संपली म्हणून, बर्फवाली काळी.

ताई आंब्याच्या बिअरवरचा सिनेमा सांगत होत्या. लग्नघर, वरात, रुसलेली धाकटी करवली. मध्येच त्यांनी काळीचा घोट घेतला. थांबल्या. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. बाळानं जीभ चावली.

"बर्फ पडायला लागला," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "मांडवावर पडतोय. वरात थांबलीये. आणि तो थोरला भाऊ आलाय, त्या लाकडी घरातला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. तो करवलीजवळ बसलाय. तिचे बूट भिजलेत."

"मग?" हमीदभाईंनी विचारलं.

"मग काय? त्यानं ते चुलीजवळ ठेवले. आता ती रुसलेली नाहीये."

बाळाला कोणी ओरडलं नाही. दुसऱ्या दिवशी ताईंनी स्वतःच त्याला विचारलं, "पुन्हा कधी चुकणार आहेस रे?"

एक बाटली मात्र विहिरीच्या तळाशी, वेगळ्या दोरीला, तशीच होती. माझी. पुण्याच्या त्या पोरांनी धंदा बंद केला होता, तेव्हा तसली दुसरी मिळणार नव्हती. तिची मुदत केव्हाच संपली होती. जयू सारखी म्हणायची, "ताई, खराब होईल, उघडा तरी नाहीतर टाका." ताई ऐकायच्या नाहीत. "ती उघडली की संपली," म्हणायच्या. "मग तुम्ही मला कुठे दिसणार?"

शेवटी जयूचीच बदली झाली, माणगावला. "माझ्या माहेरी चाललीस, रडतेस काय?" असं तिला म्हणाल्या, पण त्या दिवशी जेवल्या नाहीत. जायच्या आधीचा सोमवार आला तेव्हा मला म्हणाल्या, "सुरेश, तुझी बाटली काढ."

मी दोरी ओढली. लेबल विरघळून गेलं होतं, बुचाला गंज, काचेवर शेवाळ. त्या दिवशी चादर नव्हती, प्रोजेक्टर नव्हता. आम्ही सगळे ओट्यावर बसलो होतो, मी ताईंच्या अगदी शेजारी. फणसाखाली नुसतं रिकामं स्टूल. बूच काढलं तर आवाजच आला नाही. गुलाबी रंग जाऊन विटकरी झालेला. चार छोट्या कपांत ओतली. हमीदभाईंना सरबत.

ताईंनी वास घेतला. कपाळाला आठी. मला भीती वाटली, आता काही दिसलं नाही तर? त्यांनी घोट घेतला आणि तोंड कसनुसं केलं.

"आंबली की रे!"

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. डोळे मिटून बसल्या.

"दिसतायत," म्हणाल्या. "पण थांबा. हमीदभाई वाकलेत. हातात काठी आहे का?"

हमीदभाई दचकले. गुडघ्यांमुळे त्यांनी नुकतीच काठी घेतली होती. तिचा आवाज ताईंना कळू नये म्हणून ती दर वेळी फाटकाशी ठेवून यायचे.

"बाळा, पुढचे केस गेले तुझे. बटण अजून उघडंच. जयू, तू जरा भरलीस, बरी दिसतेस. नाक पूस." जयू खरंच रडत होती. ताईंनी कप खाली ठेवला. "बिअर जुनी झाली, तर तिच्यातली माणसं तशीच कशी राहतील? बरं झालं. मला वाटायचं तुम्ही तिथेच अडकून पडाल."

"आणि सुरेश?" जयूनं विचारलं. तिनं विचारायला नको होतं. मला उत्तर माहीत होतं.

ताईंनी कप पुन्हा उचलला, आणखी एक घोट घेतला, जिभेवर फिरवला. "सुरेश ह्यात नाही," म्हणाल्या. मग जरा वेळानं, "कसा असेल? उजेड तर त्याच्याकडूनच येतोय."

आणि त्या वळल्या. मी त्यांच्या कोपराला कोपर लावून बसलेला. पण त्यांनी कप उचलून धरला तो फणसाच्या दिशेनं, त्या रिकाम्या स्टुलाकडे, आणि तसाच धरून ठेवला. चेहरा उजळलेला, कोणाला तरी ओळखल्यासारखा.

मी आवाज न करता उठलो. चपला हातात घेतल्या, अंगणातून अनवाणी गेलो आणि फणसाखाली माझ्या जागेवर जाऊन उभा राहिलो. तिथून त्या अजून कप उंच धरून बसलेल्या दिसत होत्या. मग त्यांनी मान हलवली आणि उरलेला घोट घेतला.